सोन्याचा दगड उंबरठ्याच्या आत: झाम्फारातील शिसेबाधेचे प्रकरण

मार्च २०१०. उत्तर नायजेरियातल्या झाम्फारा राज्यात एमएसएफ, म्हणजे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स', या संस्थेची माणसे मेनिंजायटिसच्या साथीवर नजर ठेवून होती. कोरड्या मोसमात त्या पट्ट्यात ही साथ डोके वर काढतेच. पण यारगालमा आणि दारेता या दोन गावांतून कानावर येत होते ते वेगळेच होते. पाच वर्षांच्या आतली मुले भराभर दगावत होती. आधी पोटदुखी आणि उलट्या, मग मूल मलूल पडायचे, मग झटके. हिवतापाची औषधे देऊन झाली. काही मुलांच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडतही होते, तरी औषधाला गुण येत नव्हता. शेवटी रक्ताचे नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पाठवले आणि तिथून उत्तर आले: शिसे.

मे महिन्यात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचे पथक नायजेरियाच्या आरोग्य खात्याबरोबर या दोन गावांत घरोघर फिरले. ११९ घरे पाहिली. त्या घरांत पाच वर्षांखालची ४६३ मुले होती किंवा वर्षभरापूर्वीपर्यंत होती. त्यांपैकी ११८ मुले त्या एका वर्षात गेली होती. चारातले एक. गेलेल्या मुलांपैकी ८२ टक्क्यांच्या आईवडिलांनी मृत्यूआधी झटके आल्याचे सांगितले. मागे राहिलेल्या ३४५ पैकी २०४ मुलांचे रक्त तपासता आले. त्यांत एकही मूल सुटलेले नव्हते. २०४ पैकी १९८ मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले.

या ४५ आकड्याला अर्थ आहे. त्याच्या वर गेले की शरीरातून शिसे ओढून काढणारे औषध सुरू करावे, अशी वैद्यकातली रूढ रेषा आहे. त्या काळी अमेरिकेत दहा मायक्रोग्रॅमला काळजीची घंटा वाजत असे. पुढे ती मर्यादा पाचावर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर आणली. झाम्फारात शंभराच्या पुढे गेलेली मुले सर्रास होती आणि चारशेच्या पुढचेही आकडे नोंदले गेले. शिसेबाधेच्या आधुनिक इतिहासात मुलांचा इतका मोठा संहार दुसरा नोंदलेला नाही. एकूण किमान ४०० मुले गेली असे पुढे मानले गेले. खेड्यात तान्ह्या मुलाच्या मृत्यूची नोंद कोण ठेवतो हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हा 'किमान' शब्द मी तसाच ठेवतो आहे.

घर, गिरणी आणि गोशा

झाम्फारा हा शेतकऱ्यांचा मुलूख. ज्वारी, बाजरी, थोडा मका, शेळ्यामेंढ्या. 'शेती हा आमचा अभिमान' हे या राज्याचे अधिकृत ब्रीद आहे. सोने इथल्या जमिनीत पूर्वीपासून आहे आणि लोक ते थोडेफार काढतही होते. पण २००८ च्या जागतिक मंदीनंतर सोन्याचा भाव चढत गेला, २०१० मध्ये औंसाला बाराशे डॉलरच्या पुढे पोहोचला, आणि पावसावर पोट असलेल्या कुटुंबाला कोरड्या आठ महिन्यांत दगड फोडून रोख पैसा मिळू लागला. शेतमजुरीच्या कित्येक पट. यात हावरटपणा बघणाऱ्याने आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा उन्हाळा कसा जातो ते आधी आठवावे.

पुरुष खाणीत उतरत. कुदळ, छिन्नी, हातोडा, दोर, इतक्याच अवजारांवर दहा-वीस मीटर खोल अरुंद विहिरीसारखे खड्डे. दगड पोत्यांत भरून मोटारसायकलवरून गावात येई आणि तिथून घरात. हे घरात येणेच या प्रकरणाचे मर्म आहे. हौसा मुसलमान समाजात लग्न झालेल्या बायकांनी गोशा पाळण्याची रीत आहे. तिला ते 'कुल्ले' म्हणतात. मातीच्या उंच भिंतींचा वाडा, मधे अंगण, भोवती सासू, सुना, जावा, सवती यांच्या खोल्या. दिवसा बाई सहसा या भिंतीबाहेर जात नाही. तेव्हा बाईने चार पैसे मिळवायचे तर काम तिच्याकडे चालत आले पाहिजे. कापूस पिंजणे, शेंगा फोडणे, तेल काढणे अशी कामे तशी येतच होती. सोन्याचा दगड त्याच वाटेने आला.

एक दिवस डोळ्यांपुढे आणू. सकाळी अंगणात पोते रिकामे होते. बायका दगडावर दगड ठेवून हातोडीने सुपारीएवढे तुकडे करतात. पाठीला बांधलेले तान्हे तिथेच असते, रांगते मूल दोन हातांवर. तुकडे उखळात कांडून आणखी बारीक होतात. मग गिरणी. ही गिरणी म्हणजे ज्वारी-बाजरी दळायची साधी डिझेलवरची चक्की, तीच बनावट, तेच जाते. तिच्यात सोन्याचा दगड कोरडाच टाकतात आणि पिठासारखी भुकटी खाली पडते. चक्कीतून निघणारा धुरळा भोवतालच्या माणसांच्या भुवयांवर, डोक्यावरच्या कापडावर, हंड्याच्या काठावर बसतो. आपल्याकडे पिठाच्या गिरणीतून बाहेर पडणारा माणूस जसा पांढरा दिसतो, तसाच तो माणूस दिसतो. फरक एवढाच की हे पीठ झटकून घरात शिरले की शिसे घरात शिरते.

पुढे ही भुकटी पाण्याने धुतात. उतरत्या फळीवर गोणपाट किंवा चटई अंथरून गाळपाणी वाहू देतात, जड कण चटईत अडकतात. त्यात हाताने पारा मळतात, पारा सोन्याला धरून ठेवतो, ती गोळी विस्तवावर तापवली की पारा वाफ होऊन उडतो आणि सोने राहते. पाऱ्याची वाफही विषारीच. जगभरच्या छोट्या सोनखाणींत तीच मुख्य चिंता असते. झाम्फारात मात्र मुले मारली ती शिशाने, आणि ते मुख्यतः दळणातून आणि धुवून टाकलेल्या गाळातून आले. हा गाळ अंगणातच राहायचा, विहिरीजवळ पडायचा, कधी भिंती लिंपायलाही वापरला जायचा. सीडीसीच्या पाहणीत दोन तृतीयांश घरांत दगडाचे काम घराच्या आत चालत होते. मुलाच्या मृत्यूशी ज्या गोष्टींचा संबंध ठळक निघाला, त्यांत अंगणाच्या मातीतले शिसे होते, सार्वजनिक विहिरीचे पाणी होते, मुलाचे वय होते, आणि आई स्वतः दगडाच्या कामात होती की नाही हेही होते. आईच्या हाताला, पदराला, अंगावर पिणाऱ्या मुलाच्या तोंडाला. इतका तो संबंध जवळचा.

एका चिमटीचा हिशोब

आता प्रश्न पडतो की सोन्याच्या दगडात इतके शिसे कसे? भूगर्भात सोने सहसा एकटे सापडत नाही. गारगोटीच्या शिरांमध्ये ते तांबे, जस्त, आर्सेनिक, शिसे यांच्या सोबतीने असते. कुठे काय आणि किती, हे ठिकाणाठिकाणाला बदलते. यारगालमाजवळच्या नव्या खाणींतला दगड शिशाने लदलेला निघाला. काही नमुन्यांत दहा टक्क्यांहूनही जास्त. आधीच्या खाणींतला दगड तसा नव्हता, म्हणून लोकांना वर्षानुवर्षे काही झाले नव्हते. तेच हात, तीच चक्की, तेच अंगण. बदलला फक्त दगड. त्यामुळे कुणाला संशय आला नाही आणि येण्याचे कारणही नव्हते.

त्यातही एक बारकावा आहे, आणि तो समजला तर मृत्यूंचे प्रमाण समजते. शिशाचा मूळ खनिज प्रकार गॅलिना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. ते पोटातल्या आम्लात फारसे विरघळत नाही. पण झाम्फाराच्या दगडात हवापाण्याच्या हजारो वर्षांच्या माऱ्याने गॅलिनाचा मोठा भाग बदलून शिशाचा कार्बोनेट झालेला होता. कार्बोनेट आम्लात सहज विरघळतो. चुन्याच्या खड्यावर लिंबू पिळले की फसफसते, तसेच. म्हणजे दगड नुसता शिसेदार नव्हता, त्यातले शिसे पोटात गेल्यावर अंगी लागेल अशा रूपातले होते.

हिशोब करून बघा. रांगणारे मूल हात चोखते, भुईवर पडलेला भाकरीचा तुकडा तोंडात घालते. या वयाचे कोणतेही मूल, स्वच्छ घरातलेही, दिवसाला साधारण शंभर मिलिग्रॅम माती-धूळ गिळते असे धरतात. मिठाच्या चिमटीहून ती कमी भरते. अंगणाच्या मातीत एक टक्का शिसे असेल, म्हणजे दहा हजार पीपीएम (दशलक्ष भागांत दहा हजार भाग), तर या शंभर मिलिग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम शिसे आले. मोठ्या माणसाचे शरीर त्यातले दहाएक टक्के शोषते. लहान मुलाचे आतडे चाळीस-पन्नास टक्के शोषू शकते, आणि मूल कुपोषित असेल, लोह-कॅल्शियम कमी असेल, तर आणखीच. म्हणजे दिवसाला चारशे मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते जेमतेम आठ डेसिलिटर. सगळे शिसे रक्तात राहत नाही, बरेचसे हाडांत जाऊन बसते, तरीही हा आकडा रोज येत राहिला तर आठवड्याभरात काय होईल ते उघड आहे. आणि यारगालमा-दारेतातल्या काही अंगणांत माती एक टक्क्याची नव्हती. एक लाख पीपीएमच्या पुढे, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर, गेलेल्या जागा तिथे सापडल्या. अमेरिकेत तेव्हा मुले खेळतात त्या मातीला ४०० पीपीएम ही मर्यादा होती. पाहणीतल्या ८५ टक्के घरांनी ती ओलांडलेली होती.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते. म्हणूनच ते हाडांत साठते, म्हणूनच मज्जातंतूंच्या कामात घुसते. मेंदूभोवतीचे संरक्षण मुलांमध्ये कच्चे असते. फार शिसे झाले की मेंदूला सूज येते, आणि ते झटके हे त्या सुजेचे लक्षण. वाचलेल्यांमध्ये कुणाची दृष्टी, कुणाची श्रवणशक्ती, कुणाचे चालणे-बोलणे गेले. मधल्या पातळीवर बाधा झालेल्या मुलाकडे पाहून काहीच कळत नाही. ते खेळते, हसते, फक्त शिकायला जड जाते. त्याच्या आईला कुणी सांगितले नाही, तर ते कधीच कळणार नाही.

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते, हे आपण शाळेत कौतुकाने शिकतो. खरे शिसे कसे घरात शिरते, हे मात्र कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत. असो.

औषध हाताशी, पण भुई?

औषध होते. सक्सिमर, डॉक्टरांच्या बोलीत डीएमएसए. गोळ्या तोंडाने द्यायच्या, रक्तातल्या शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढायचे. महागडे औषध, आणि जगात कुठेच हजारो मुलांसाठी साठवून ठेवलेले नव्हते, कारण इतक्या मुलांना ते एकदम लागेल असे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. एमएसएफने अंका गावात वॉर्ड उघडला. १९ किंवा २८ दिवसांचा एक फेरा, मग पुन्हा तपासणी, मग पुन्हा फेरा, कारण रक्त साफ झाले की हाडांतले शिसे परत रक्तात उतरते. पहिल्या वर्षभरात ११५६ मुलांना मिळून असे ३१८० फेरे दिले गेले. मुले दगावण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच एक अट घातली, आणि ती वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होती: ज्या घराची जमीन साफ झालेली नाही, त्या घरातल्या मुलाला औषध देऊन घरी पाठवायचे नाही. एका हाताने काढायचे आणि दुसऱ्या हाताने पुन्हा भरायचे, यात औषध वाया जाते आणि धोकाही वाढतो. म्हणजे पहिले औषध फावडे होते.

ते फावडे कुणी हातात घ्यायचे हे ठरायला वेळ गेला नाही, हे या कथेतले सुदैव. पावसाळा जूनमध्ये येणार होता. पाऊस पडला की गाळ सगळीकडे वाहणार, रस्ते बंद होणार. न्यूयॉर्कची ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट, जिचे आजचे नाव प्युअर अर्थ आहे, आणि आयडाहोमधली टेराग्राफिक्स ही अभियंत्यांची कंपनी झाम्फारा सरकारबरोबर उतरली. टेराग्राफिक्सचे इयान फॉन लिंडर्न यांना हा रोग पुस्तकातून माहीत नव्हता. आयडाहोच्या सिल्व्हर व्हॅलीतल्या बंकर हिल शिसे-भट्टीत १९७३ मध्ये धूर गाळणाऱ्या यंत्रणेला आग लागली, तरी भट्टी चालूच ठेवली गेली, आणि पुढच्या वर्षी आसपासच्या मुलांच्या रक्तात भयंकर शिसे निघाले. तिथली अंगणे एकेक करून खरवडून नवी माती घालण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. ते फॉन लिंडर्न यांनी केलेले होते. अमेरिकेतल्या अनुभवाचा हा सांधा नायजेरियाच्या खेड्यात कामी आला, पण तिथली यंत्रे नाही. झाम्फारात काम झाले ते कुदळ, घमेले आणि पोती यांवर.

पद्धत अशी. बंदुकीसारखे दिसणारे एक हातयंत्र मातीवर टेकवले की क्षणात शिशाचे प्रमाण दाखवते. घराचे अंगण चौकटी पाडून तपासायचे. हजार पीपीएमच्या वर असेल तिथली वरची माती खरवडायची, पोत्यांत भरायची, गावाबाहेर खणलेल्या खड्ड्यात नेऊन पुरायची. चारशे ते हजारच्या मधे असेल तिथे वर स्वच्छ मातीचा थर चोपून द्यायचा. हे करणारे मजूर त्याच गावांतले, त्यांना रोज मजुरी. घरधन्याच्या परवानगीशिवाय परका पुरुष बायकांच्या भागात पाऊल टाकू शकत नाही, म्हणून एकेका घराची परवानगी घ्यावी लागे. अंकाच्या अमीरांनी, म्हणजे तिथल्या पारंपरिक राजांनी, आणि गावच्या मुखियांनी पाठबळ दिले नसते तर हे दार उघडले नसते. चोपलेल्या मातीची भुई ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, सारवली आहे, त्यांना कल्पना येईल की आपली भुई कुणी परक्याने खणून पोत्यात भरावी याला घरातल्या बाईचा जीव किती कासावीस होत असेल. पण तिने ते होऊ दिले, कारण तिचे एक मूल गेलेले होते.

यारगालमा आणि दारेता पावसाच्या तोंडावर साफ झाले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी निधीतून अबारे, सुंके, तुंगर गुरू, तुंगर दाजी, दुझा ही पाच गावे २०११ पर्यंत झाली. उरले बागेगा.

बागेगाची दोन वर्षे

बागेगा सगळ्यांत मोठे. हजारांत वस्ती, दीड हजाराच्या आसपास लहान मुले. आणि घरांशिवाय इथे एक मोठी उघडी जागा होती, जिथे गिरण्यांची रांग आणि धुण्याचे हौद होते, आणि शेजारी तलाव. त्या तलावात मुले पोहत, गुरे पाणी पीत, आणि त्यातच गाळपाणी उतरत होते. पैसा जास्त लागणार होता. बाहेरच्या देणगीदारांनी आपापल्या वाटचे संपवले होते. नायजेरियाचे केंद्र सरकार 'करू' म्हणत होते.

इथे मला थांबून एक गोष्ट सरळ म्हणायची आहे. औषधाची अट योग्य होती. पण त्या अटीमुळे बागेगाची मुले औषधाच्या दारात बसून राहिली. त्यांच्या रक्तात काय आहे ते माहीत होते. कोणती गोळी द्यायची ते माहीत होते. मातीचे काय करायचे ते शेजारच्या सात गावांत करून दाखवलेले होते. आड आला होता फक्त मंजूर झालेला पण सुटत नसलेला पैसा. बाधेचे कारण अज्ञान होते, ते एकदाचे मान्य. बागेगाच्या दिरंगाईला ती सबब लागत नाही.

मे २०१२ मध्ये राजधानी अबुजात एमएसएफने पुढाकार घेऊन परिषद भरवली. तिथे सरकारने निधीचे आश्वासन दिले, ८५ कोटी नायरा, त्या वेळचे पन्नास लाख डॉलरांहून थोडे जास्त. पुढे महिने गेले. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने बागेगातल्या आईवडिलांची साक्ष जगापुढे आणली. हमझत लवाल या तरुण नायजेरियन कार्यकर्त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सेव्ह बागेगा' ही मोहीम उघडली, ट्विटरवर रोज एकच विचारणा: पैसा कुठे आहे? पुढे त्यांनी 'फॉलो द मनी' नावाने अशा कितीतरी योजनांचा माग काढला. जानेवारी २०१३ च्या अखेरीस पैसा सुटला. फेब्रुवारीत फावडी चालू झाली, जुलैत बागेगा साफ झाले, आणि त्या मुलांना औषध सुरू झाले. रोगाचे नाव कळल्यापासून तीन वर्षांनी.

२०१० ते २०१३ या काळात आठ गावांतली ८२० घरे आणि गिरण्यांच्या जागा मिळून २७ हजार घनमीटरहून जास्त माती-गाळ उचलला गेला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातले शिशाचे भूमितीय सरासरी प्रमाण १४९ वरून १५ मायक्रोग्रॅमवर आले. सार्वजनिक आरोग्याच्या कामात इतकी उतरण क्वचितच दिसते. पंधरा हा आकडाही निर्धास्त म्हणण्यासारखा नाही, पण झटक्यांनी मुले मरणे थांबले.

बंदीने काय होते

जून २०१० मध्ये बातमी फुटली तेव्हा सरकारची पहिली प्रतिक्रिया खाणकाम बंद करण्याची होती. कागदावर ते आधीच बेकायदा होते, कारण परवाना कुणाकडेच नव्हता. परिणाम असा की सुरुवातीला गावकरी डॉक्टरांशीही मोकळे बोलेनात. मुले आजारी आहेत म्हटले तर दगडाचे काम बंद होईल, ही धास्ती. लपवलेले काम आणखी आत सरकते, अंगणातून खोलीत. ज्या गोष्टीने मुले मारली तीच गोष्ट बंदी आणखी घट्ट करते.

उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या होत्या. दळणाची जागा गावाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. घरी येण्याआधी आंघोळ आणि कपडे बदलणे. आणि ओले दळण: चक्कीत दगडाबरोबर पाणी सोडले की धुरळा उडतच नाही, चिखल होऊन खाली पडतो. जात्याला किंचित बदल, खर्च किरकोळ. ही रीत पुढे नायजेरियातच नायजर राज्यातल्या शिकिरा गावात करून पाहिली गेली, कारण २०१५ मध्ये शिकिरातही तेच घडले होते. तोच शिसेदार दगड, तेच घरचे दळण, २८ मुले गेली. झाम्फाराचे सगळे धडे पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले असताना, दोन राज्ये पलीकडेही नाही, अगदी लगतच्या भागात. तिथे दगड नवा निघाला तेव्हा तो तपासून पाहणारे ते हातयंत्र घेऊन कुणी गेले नव्हते. खाण नवी उघडली की आधी दगड तपासायचा, इतकी साधी सवय कुठल्याच खात्याच्या कामात नव्हती.

गोशातल्या बायकांचा प्रश्न मात्र ओल्या दळणाने सुटत नाही. काम गावाबाहेर गेले की ते पुरुषांचे झाले आणि बाईची मिळकत गेली. झाम्फाराच्या अहवालांत आईचे काम धोक्याचे कारण म्हणून येते. त्या कामाऐवजी तिच्या हातात काय पडले, यावर फार थोडे लिहिले गेले आहे. मला ही उणीव मोठी वाटते.

आपल्याकडचा वाचक हे सगळे परक्या मुलखातले म्हणून वाचेल, म्हणून एवढेच. सोनाराच्या पेढीचा केर आणि गटाराचा गाळ धुऊन त्यातून कण वेचणारे झारेकरी आपल्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीकडची गलाई करणारी माणसे सोने-चांदी गाळायला देशभरातल्या बाजारपेठांत जाऊन राहिली आहेत. चांदी शिशाबरोबर वितळवून शुद्ध करण्याची रीत जुनी आहे. जिथे भट्टी आणि बिऱ्हाड एकाच छताखाली आहे, तिथल्या रांगत्या मुलाचे रक्त तपासून घ्यावे. तपासणी सोपी आहे, नुसती लिहून देणारे कुणी हवे.

झाम्फारात पुढे दरोडेखोर टोळ्यांचा सुळसुळाट झाला. सोन्याच्या पैशाने टोळ्या पोसल्या जातात म्हणून केंद्र सरकारने २०१९ च्या एप्रिलमध्ये राज्यातले खाणकाम पुन्हा थांबवले. अपहरणे, जाळपोळ, गावेच्या गावे ओस. बाहेरच्या माणसाला तिथे फिरणे अवघड झाले. एमएसएफने २०२२ च्या सुरुवातीला शिसेबाधेचा आपला प्रकल्प स्थानिक यंत्रणेकडे सोपवून आवरता घेतला.

२०१० साली अंकाच्या वॉर्डात चार-पाच वर्षांच्या ज्या मुली होत्या, त्या आता विशीच्या आसपास आहेत. त्या भागात मुलींची लग्ने लवकर होतात. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना बाईच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटते, आणि लहानपणी हाडांत जाऊन बसलेले शिसे त्याच्याबरोबर सुटते, नाळेतून बाळाकडे जाते. हाडांतले शिसे निम्मे व्हायला वीस-तीस वर्षे लागू शकतात. म्हणून या मुली पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात येतील तेव्हा त्यांच्या कार्डावर रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या खाली आणखी एक ओळ असायला हवी: तू मूळची कुठल्या गावची, आणि २०१० मध्ये तुझ्या घराचे अंगण खणले होते का.